लोण्याचं बोट आणि ताऱ्याचा वायू

माझ्या घरात डाग टिकत नाही. ही बढाई नव्हे. बढाई मारायची तर माझ्याकडे याहून मोठ्या गोष्टी आहेत. त्या शुक्रवारी सकाळी नातीच्या कॉम्प्युटरची काच मी पुसली ती निव्वळ सवयीने, पण त्यावरून घरात जे महाभारत झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे. नाहीतर आमचे हे त्यांच्या पद्धतीने सांगत सुटतील.

नात ताऱ्यांचा अभ्यास करते. दूर डोंगरावरची दुर्बीण चित्रं काढते आणि ही आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून ती तपासते. तिचे तारे जोडीने राहणारे. एक म्हातारा, लाल, फुगलेला; दुसरा लहानखुरा, पांढरा, तापट. म्हाताऱ्याच्या अंगावरून वायू सुटतो, धाकटा तो ओढून घेतो आणि पोट तुडुंब झालं की भडकतो, सगळं बाहेर फेकतो. हा फेकलेला वायू जोडीभोवती लांबवर पसरतो, पण इतका फिकट की असून नसल्यासारखा. तो हुडकायचा, हे तिचं काम. मी विचारलं, यातली बायको कोणती? ती म्हणाली, ताऱ्यांत तसं काही नसतं. ह्यांनी पेपराआडून सांगितलं, "तापट ती." त्या दिवशी त्यांना दुसरा चहा मिळाला नाही.

जोड्यांमागून जोड्या कोरड्या निघत होत्या. ज्यांच्या हाताखाली ती शिकते त्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, शुक्रवारच्या बैठकीत एकीभोवती तरी वायू दाखव, नाहीतर हा शोध बंद आणि तू दुसऱ्या कुणाच्या कामाला लाग. पोरगी ताटातला घास चिवडत बसायची. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी तिला जास्तच रागवत होते.

गुरुवारी संध्याकाळी तिने मला हाक मारली. दोन रात्रींची चित्रं एकावर एक ठेवली होती, आणि एका जोडीच्या कडेला तिला फिकट कमान दिसत होती. मला काही दिसलं नाही, पण मी "वा" म्हटलं. त्या रात्री ती पोटभर जेवली. बाईंचा नियम असा, की कुठलंही चित्र सफाईच्या प्रोग्राममधून काढल्याशिवाय त्यांच्यापुढे आणायचं नाही. तिने प्रोग्राम लावला आणि झोपायला गेली.

सकाळी तिने साफ झालेलं चित्र उघडलं. कमान गायब.

"आजी, तू काच पुसलीस?"

पुसली, म्हटलं, बोटाचा तेलकट ठसा होता. ठसा कुणाचा हे सांगायची गरजच नव्हती. ह्यांना रोज लोणी लावलेला पाव हातात घेऊन नातीच्या मागे उभं राहायचं आणि काचेला बोट लावून "हा कोणता?" विचारायचं व्यसन आहे. माझं पुसणं आधी, ह्यांचा पाव नंतर. म्हणजे लोणी दिवसभर तिथेच.

ती खुर्चीत मटकन बसली. म्हणाली, "बरं झालं पुसलंस. बाईंना मी लोणी दाखवलं असतं."

ती रडली असती तर मी समजूत घातली असती. पण असं शहाण्यासारखं बोलली, ते मला झोंबलं. माझ्या घरातल्या लोण्याने पोरीचं काम बुडवावं? मी ह्यांना बोलावलं, बोटाला लोणी लावायला लावलं आणि म्हटलं, टेकवा, काल होतं तिथेच. आरोपीला जागेवर नेऊन करून दाखवायला लावतात ना, तसं. ह्यांनी न्यायाधीशासारखं तोंड करून बोट टेकवलं. नातीला हसू फुटलं. किती दिवसांनी. हसत हसतच तिने तारा ठशाशेजारी आणायला चित्र सरकवलं. तारा सरकला, लोणी जागच्या जागी.

तिचं हसू थांबलं.

"काल कमान सरकली होती, आजी. मी तारा मधोमध आणला, तेव्हा तीही त्याच्याबरोबर आली होती."

तिने घाईघाईने कालचं, सफाईआधीचं चित्र उघडलं. कमान जिथल्या तिथे होती.

"मग पुसली कुणी?" मी विचारलं. मी नाही, हे सगळ्यांनी ऐकणं मला फार गरजेचं होतं.

पुसली होती प्रोग्रामने. तो म्हणे चित्राचे लहान चौकोन पाडतो आणि प्रत्येकात सारखा पसरलेला उजेड हा आकाशाचा मळ समजून काढून टाकतो. तारे ठिपक्याएवढे, ते वाचतात. ही कमान इतकी ऐसपैस की अख्खे चौकोन तिच्या पोटात मावले, आणि मळाबरोबर तीही खरवडली गेली. माझ्याहून कडक सफाई मी पहिल्यांदाच पाहिली. नातीने चौकोन मोठे केले, प्रोग्राम पुन्हा लावला. चहा हातातच निवला. कमान टिकली, आणि पलीकडच्या बाजूला तिची आणखी फिकट जोडीदारीण उगवली. कुणी ओंजळीत दिवा धरावा तशा दोघी. या वेळी मला खरोखर दिसलं.

दुपारी बैठकीसाठी मोठ्या बाई काचेवर आल्या. मला स्वयंपाकघरात काहीच काम नव्हतं, म्हणून मी तिथल्या दारात उभी राहिले. बाईंनी विचारलं, दुर्बिणीतल्या भिंगाची चकाकी कशावरून नाही? नात म्हणाली, दुसऱ्या रात्री दुर्बीण मुद्दाम जराशी बाजूला रोखली होती. चकाकी असती तर तिने जागा बदलली असती, ही ताऱ्यालाच धरून राहिली. बाईंनी चष्मा काढला.

"चौकोन मी ठरवले होते," त्या म्हणाल्या. "कोरड्या म्हणून सोडल्या त्या सगळ्या जोड्या पुन्हा तपास. शोध तुझाच."

बाई मला आवडल्या. चूक अशी एका वाक्यात कबूल करणारी माणसं थोडी. मी त्यांतली नाही.

नातीने मला धरून टेबलाभोवती गरागरा फिरवलं. शोधात अर्धा वाटा आपला, असं म्हणत ह्यांनी लोणी लावलेले दोन पाव मागितले, आणि मी दिले. मग फडका घेऊन काचेकडे वळले तर नात आडवी आली. "राहू दे ना आजी, तो ठसा राहू दे."

राहू दिला. ती आंघोळीला जाईपर्यंत.