टेंभुर्लीची लाइन क्लिअर

सुईच्या टोकावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब घेऊन सुधीरने तो सिग्नलच्या खिळीवर अलगद सोडला आणि बोटाने तार ओढून पाहिली. काडेपेटीच्या काडीएवढा लाल हात अडखळत खाली आला. तार सोडली, तसा पुन्हा आडवा झाला. सुधीरच्या कपाळावरची आठी काही हलली नाही. त्याने आणखी एक थेंब घेतला.

पाहुणे दुपारी यायचे होते. ठाण्याहून, माजिवड्याहून. सौमित्र आणि त्याची बायको क्षिप्रा. दोघांनाही छोट्या रेल्वेचं वेड. त्यांच्याकडच्या गाड्या मोबाइलवर चालत. सुधीरच्या गाड्या नियमाने चालतात, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं.

ते खरंच होतं. कल्याणला सिग्नल खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार? डोंबिवलीच्या त्या घरात हॉलमध्ये आवळगाव स्टेशन होतं. तिथून एकेरी रूळ निघत, भिंतीला मुद्दाम पाडलेल्या भोकातून पलीकडच्या खोलीत जात आणि टेंभुर्लीला पोहोचत. दोन स्टेशनांवर दोन माणसं हवीत आणि ती एकमेकांना दिसता कामा नयेत, असा सुधीरचा आग्रह. प्रत्येकापुढे एक पेटी, एक घंटा आणि जुना टेलिफोन. पुढच्या स्टेशनने बटण दाबून धरलं, तरच मागच्या पेटीतून लोखंडी गोळा निघे. गोळा निघाला, तरच सिग्नल पडे. सिग्नल पडल्याशिवाय गाडी हलत नसे.

पलीकडची खोली म्हणजे लेकीची, अंतराची. लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि तिच्या पलंगाच्या जागी टेंभुर्ली वसलं.

टेंभुर्लीला बसायचे आनंदराव, कोपरला राहणारे सुधीरचे जुने सहकारी. नेमकं याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एरवी सुधीरने बायकोला हाक मारली असती, पण घरात अबोला होता. प्रमोदिनी शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे अबोलाही ती चोख पाळायची. बोलायचं ते भिंतीशी, कपाटाशी, फारच झालं तर कुकरशी.

"आनंदभावजी येणार नाहीत म्हणे," सकाळी ती फ्रिजला म्हणाली होती. "टेंभुर्लीला कुणीतरी लागेल. बसेल कुणी."

"बरं होईल," सुधीरने वर्तमानपत्राला सांगितलं.

अबोल्याचं कारण लहान नव्हतं. अंतराचा फोन आला होता. "बाबा, मी तिकडे येऊन राहू का?" नवऱ्याशी तिचं पटत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. सुधीर म्हणाला, "ये की. हॉलमध्ये दिवाण आहेच." "बरं, बघते," म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने येण्याचं नाव काढलं नाही.

रुळांपुढे पोरगी नकोशी झाली, असं प्रमोदिनीने भिंतीला ऐकवलं. तसं नव्हतं. खोली रिकामी करून दिली, की लेकीचा संसार मोडला हे कबूल केल्यासारखं होईल, याची सुधीरला भीती वाटत होती. भीती वाटते हे सांगायची मात्र त्याला लाज वाटली.

दुपारी पाहुणे आले. चहा झाला, ढोकळा झाला. प्रमोदिनी पदर खोचून टेंभुर्लीला जाऊन बसली. क्षिप्राने मोबाइल उभा धरला.

"काका, सुरू करा. रेकॉर्ड करतेय."

सुधीरने घंटा दिली. पुढचा रूळ मोकळा आहे का, लाइन क्लिअर मिळेल का, एवढाच तिचा अर्थ. आता पलीकडून तशीच घंटा यायची आणि गोळा सुटायचा.

काहीच आलं नाही.

त्याने पुन्हा घंटा दिली. क्षिप्राचा हात अवघडला.

"वायर सुटली का?" सौमित्र टेबलाखाली वाकला. "बायपास करून टाकू ना, काका. दोन मिनिटांचं काम."

सुधीरने टेलिफोन उचलला. "टेंभुर्ली, लाइन क्लिअर द्या."

"देता येत नाही."

किती दिवसांनी ती थेट त्याच्याशी बोलत होती. आवाज भिंतीपलीकडूनही येत होता आणि कानातही.

"कारण?"

"जागा नाही इथे. अंतराचं सामान ठेवायचंय."

"तिने येते म्हटलंय का?"

"कशी म्हणेल? तुम्ही दिवाण दाखवलात."

लाल हात आडवा होता. नोकरीत सुधीरने कित्येक नव्या पोरांना शिकवलं होतं, पुढचा नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालायचा नसतो. त्याला जे दिसतं, ते आपल्याला दिसत नाही. त्याने टेलिफोन ठेवला.

"फॉल्ट आहे का, काका?"

"नाही. अगदी बरोबर चाललंय," सुधीर म्हणाला. "पुढच्याने नाही म्हटलं की गाडी सुटत नाही. बायपास नाहीच ठेवलेला."

मग त्याने खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि भिंतीच्या भोकाजवळचा रुळाचा जोड सोडवायला घेतला.

"सौमित्र, जरा तिकडचं टोक धरता?"

पाहुण्यांना काही उमगलं नाही, पण दोघं कामाला लागली. टेंभुर्लीचा फलाट, पाण्याची टाकी, सिग्नलचा खांब, सगळं फळीसकट उचलून हॉलमध्ये आलं आणि दिवाणावर आडवं झालं. प्रमोदिनी पेटी मांडीवर घेऊन स्टुलावर तशीच बसून होती. रिकाम्या खोलीकडे तिने एकदा नीट पाहिलं. सुधीरकडे मात्र पाहिलं नाही.

तो आपल्या जागेवर येऊन बसला, तोच टेंभुर्लीने दिलेली घंटा आवळगावला वाजली.

हात सवयीने पुढे गेला. गोळा सुटून आला. त्याने लिव्हर ओढली आणि लाल हात न अडखळता खाली पडला. इंजिन उभं होतं, भिंतीपाशी रूळ संपले होते.

"वा! आता चाललं," क्षिप्रा म्हणाली.

सुधीरने गोळा मुठीतच ठेवला. दुसऱ्या हाताने खिशातला मोबाइल काढून अंतराला लावला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिला.

"हं, बाबा?"

"खोली मोकळी केलीय तुझी," तो म्हणाला. "कुठल्या गाडीने निघतेस ते कळव. मी कल्याणला घ्यायला येतो."