अंधेरीहून एक फर्माईश

‘सवंग’ हा शब्द चौथ्यांदा आला तेव्हा अनंत मास्तरांनी टाक थांबवला.

“अण्णा, एका अर्जात चार सवंग जरा जास्त होतात. इथे हिणकस घालू?”

“हिणकस तिसऱ्या कलमात खर्ची पडलाय, हॉटेलांतल्या रेडिओंवर,” अण्णा मिठबावकर आरामखुर्चीतून म्हणाले. “हे कलम रेडिओ सिलोनचं आहे. सवंगच राहू दे.”

साल छप्पन, वार रविवार. संध्याकाळी अंधेरीच्या शाळेच्या हॉलमध्ये ‘सुश्राव्य संगीत रक्षक मंडळा’ची सभा होती. अण्णा अध्यक्ष, अनंत मास्तर चिटणीस. सरकारला जायच्या अर्जावर दोनशे चौदा सह्या जमल्या होत्या आणि सर्वांत वरची जागा अध्यक्षांसाठी कोरी ठेवलेली होती. त्या एका सहीचा अण्णांनी आठवडाभर रद्दी कागदावर सराव केला होता.

अण्णांचं पाळण्यातलं नाव शरच्चंद्र. एका सरकारी कचेरीच्या जावक विभागात ते बावीस वर्षं पाकिटांवर लाखेची सीलं मारत होते. ही झाली नोकरी. आयुष्य म्हणजे संगीत नाटक. गाणं म्हणजे नाट्यगीत, फार तर अभंग. बाकी सगळा गलका, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कोणापासून लपवलं नव्हतं. सिनेमा त्यांनी जन्मात एकच पाहिला होता. तो संतपट होता, पण संताच्या बायकोने भुवया कोरलेल्या दिसल्यावर ते मध्यंतराआधीच उठून आले. व्हायोलिनबद्दल त्यांचं म्हणणं असं, की जे वाद्य वाजवणाऱ्याची मान वाकडी करतं ते ऐकणाऱ्याची सरळ कशी ठेवणार? नोकरी लागली त्याच वर्षी लग्न झालं. त्यात बायकोचं नाव बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या एका लाडक्या नाटकातल्या नायिकेचं नाव तांदळात कोरलं. आचऱ्याची विमला त्या दिवसापासून रुक्मिणी झाली. अर्थात ते नाव अण्णांनी पुढे कधी उच्चारलं नाही. घरात ‘अगं’ पुरत होतं.

रेडिओ त्यांच्याकडे होता. लायसन्स वेळच्या वेळी भरलेलं होतं. पण शॉर्टवेव्हकडे, म्हणजे सिलोनकडे, नेणारी कळ त्यांनी लाख ओतून बंद केली होती. सरकारी शिक्का घरी वापरणं नियमात बसत नसल्यामुळे त्या लाखेवर त्यांनी स्वतःच्या लग्नातली अंगठी दाबली होती. त्यामुळे सिलोन या घरात यायचं ते खिडकीतून. शेजारच्या गावठाणातला फ्रेडी आपला रेडिओ ओसरीवर आणून ठेवायचा आणि सबंध आळीला ऐकवायचा. फ्रेडी अंधेरीच्याच एका स्टुडिओत व्हायोलिन वाजवत असे. माणूस सज्जन, धंदा बुडालेला, असं अण्णा त्याच्याविषयी म्हणत. धंदा खरं तर उत्तम चालला होता, पण अण्णांना बुडालेला म्हणजे नैतिकदृष्ट्या म्हणायचं असे.

“लिहा,” अण्णा म्हणाले. “‘सदर केंद्रावरून दर रविवारी रिकामटेकड्या लोकांची नावे पुकारण्यात येतात, सबब...’”

त्याच वेळी खिडकीतून आवाज आला. फर्माईशींची नावं वाचणारा निवेदक गोड गळ्याने म्हणत होता, “...झाँसी से, मुन्नालाल और उनके दोस्त... और अंधेरी, बंबई से, शरच्चंद्र मिठबावकर.”

आणि झोपाळ्याचं ते गाणं सुरू झालं. त्या मोसमात ते प्रत्येक पानपट्टीवर वाजत होतं.

अनंत मास्तरांच्या टाकातून शाईचा एक थेंब ‘सबब’वर पडला. वरच्या मजल्यावर कोणीतरी हसलं आणि मग हसू दाबल्याचा त्याहून मोठा आवाज आला. अंधेरीत शरच्चंद्र पुष्कळ असतील, मिठबावकरही असतील. दोन्ही एकत्र असलेला माणूस एकच होता आणि तो आरामखुर्चीत बसला होता.

“खोडसाळपणा आहे हा,” मास्तर सावरून म्हणाले. “सभेच्याच दिवशी? कट आहे. आणि कोणाचा ते सांगायला नको.” त्यांनी हनुवटीने खिडकीबाहेर दाखवलं. “संध्याकाळी निषेधाचा ठराव आणतो. नावानिशी. त्याच्या स्टुडिओच्या मालकालाही प्रत धाडू.”

अण्णा उठले. कोट चढवला, टोपी घातली आणि वीस पावलांवरच्या शेजाऱ्याकडे निघाले. टोपीशिवाय भांडायला जाणं त्यांना पटत नसे.

फ्रेडी चर्चमधून येऊन ओसरीवर बसला होता. मऊ फडक्याने व्हायोलिन पुसत होता. अण्णांना पाहून त्याने आधी रेडिओ बारीक केला, मग बंदच केला.

“फ्रेडी, माझं नाव तिथे कोणी कळवलं?”

“देवाशपत मी नाय, अण्णा. मी आत्ताच एथेलला बोल्लो, आज अण्णाला ताप चढनार.”

“त्या गाण्यात तू आहेस?”

“मधला तुकडा माझा हाय.” फ्रेडीने जरा घुटमळून विचारलं, “कसा वाटला?”

अण्णांची पंचाईत झाली. मत ही एक गोष्ट आणि खोटं बोलणं ही दुसरी.

“सुरात होता,” ते म्हणाले. “तक्रार वाद्याबद्दल आहे.”

तेवढ्यात फ्रेडीची बायको एथेल पदराला हात पुसत बाहेर आली. “त्याला काय इचारता? कार्डं मी टाकली पेटीत. एक नाय, सतरा. सतरावं लागलं.”

“तुम्ही लिहिलीत?”

“मना मराठी लिवायला येते कुठं? लिवली वैनीनं.” आणि ती हसायलाच लागली. “अण्णा, बसा जरा, पानी आनते. तुमी पांढरं पडलं.”

पाणी न पिता अण्णा परतले. अनंत मास्तर ठरावाचा मसुदा करायला घरी गेले होते. स्वयंपाकघरात रुक्मिणीबाई पुरण वाटत होत्या. पाट्याचा आवाज एका लयीत चालला होता आणि अण्णा दारात येऊन उभे राहिले तरी तो थांबला नाही.

“सतरा कार्डं?” अण्णा म्हणाले.

“अठरा. एक शाई सांडून फुकट गेलं.”

“आणि नाव माझं?”

“मग कोणाचं घालणार?” आता पाटा थांबला. “तुम्हीच म्हणालात ना, त्या दिवशी मास्तरांपुढे? बायकांची नावं रेडिओवरून पुकारणं म्हणजे अब्रू वेशीला टांगणं. मग मी माझं कसं घालू? घरातल्या पुरुषाचंच घालायला हवं. रेशन कार्डावर नाही का तुमचंच आहे?”

अण्णांनी यातली चूक शोधून पाहिली. सापडली नाही. त्यांच्याच मताचं इतकं काटेकोर पालन मंडळातही कोणी केलं नव्हतं.

“पण तू तर माझं नाव घेत नाहीस.”

“तोंडाने नाही घेत. लिहायला काही हरकत आहे असं कुठे ऐकलं नाही.” त्या पुन्हा वाटू लागल्या. मग पाट्याकडे बघतच म्हणाल्या, “शाई सांडली ती पहिल्यांदा लिहिताना. मग सवय झाली. अक्षर चांगलं येतं तुमच्या नावाचं. जोडाक्षर आहे ना मधे.”

अण्णा चुलीपाशी पाट घेऊन बसले. ते त्या खोलीत सहसा जेवायलाच बसत.

“काय आहे त्या गाण्यात?”

“गाण्यात काही नाही. शब्द तर मला धड कळतसुद्धा नाहीत. मधे ते वाजतं ना, फ्रेडीभावजींचं? कुईं करून वर चढतं आणि मग खाली येतं. आमच्या आचऱ्याच्या विहिरीवरचा रहाट अस्साच वाजायचा. बाबा त्याला तेल घालू द्यायचे नाहीत. म्हणायचे, वाजतोय म्हणजे पाणी चाललंय.” त्यांनी पुरणाचा गोळा ताटात काढला. “आपली क्षमा सासरी नाहूरला गेल्यापासून दुपारी घरात आवाज म्हणून नसतो. खिडकीतून ते ऐकू येतं कधी, कधी बस जाते आणि नेमकं तेवढंच बुडतं. वाटलं, मागवलं की बरोबर कळेल केव्हा लागणार ते. खिडकीशी उभं राहता येईल.”

“मला सांगायचं होतंस.”

रुक्मिणीबाईंनी पुढच्या खोलीतल्या रेडिओकडे नुसतं पाहिलं. लाखेचं सील इथूनही लालबुंद दिसत होतं.

सभेला नेहमीच्या तीसऐवजी नव्वद माणसं आली. अर्जापेक्षा अण्णांचं तोंड बघायला आली होती, हे उघड होतं. अनंत मास्तरांनी ठराव वाचायला घेतला. “‘शेजारील एका वादकाने, धंदेवाईक हेतूने, आमच्या सन्माननीय अध्यक्षांच्या नावाचा जो गैरवापर...’”

“मास्तर, थांबा,” अण्णा उठले. “ते कार्ड माझ्या घरून गेलं. माझ्या नावाने गेलं. म्हणजे माझंच.”

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं.

“तुम्ही पाठवलंत?” मास्तरांचा आवाज चिरकला. “झोपाळ्याचं?”

“झोपाळ्याचं.”

“का पण?”

“मधे रहाट वाजतो,” अण्णा म्हणाले, आणि कोणालाच काही न कळल्यामुळे त्यांनी पुढे खुलासा केला, “माझं मत बदललेलं नाही. गाणं सवंग आहे. चार ठिकाणी लिहिलंय ते चारही ठिकाणी बरोबर आहे. पण मी ते मागवलं होतं. फ्रेडीचं नाव ठरावातून काढा.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. तो ओसरेपर्यंत अण्णा उभेच राहिले. एखाद्या नटाने टाळ्या थांबायची वाट बघावी तसे.

“अण्णा,” मास्तर हळू आवाजात म्हणाले, “मग वरची सही... सरकारदरबारी जायचं आहे. कोणी बोट दाखवलं तर?”

“कोरी जागा तुमची. मी खाली करतो.” दोनशे चौदा सह्यांच्या खाली, कागदाच्या अगदी कडेला, अण्णांनी सही केली. आठवडाभर केलेला सराव वाया गेला नाही; जागा कमी असूनही सही झकास आली.

घरी पुरणपोळी होती. अण्णांनी तीन खाल्ल्या. जेवण झाल्यावर त्यांनी एक कोरं कार्ड मागितलं आणि पाठ फिरवून काहीतरी लिहिलं. मग स्वतः जाऊन पेटीत टाकलं. त्यानंतरच्या प्रत्येक सोमवारी त्यांनी एक कार्ड टाकलं. जावक विभागातला माणूस. पाठवलेल्या गोष्टीची पोच येईपर्यंत पाठपुरावा करणं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

पोच नवव्या रविवारी आली.

त्या रविवारीही अण्णा दर रविवारसारखे रेडिओसमोर बसले होते. मधल्या काळात एक फरक पडला होता. पहिलं कार्ड टाकलं त्याच रात्री त्यांनी अडकित्त्याने लाखेचं सील फोडलं होतं. एका फटक्यात फुटलं नाही. अण्णांनी मारलेलं सील होतं ते. तुकडे त्यांनी एका बशीत गोळा करून ठेवले होते, टाकून दिले नव्हते. बशी रेडिओवरच होती.

सिलोन दूर जात होतं, जवळ येत होतं. निवेदक झुमरीतलैया, झाँसी, नागपूर अशी गावं मागे टाकत पुढे सरकत होता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता.

“...और अंधेरी, बंबई से,” निवेदक म्हणाला, “विमला.”

नुसतं विमला. माहेरचं नाव. मागे नवरा नाही, आडनाव नाही.

गावठाणाच्या बाजूने एथेलचा आवाज आला. “फ्रेडी, आयकलंस? ही विमला कोन आपल्या अंधेरीत?” वरच्या मजल्यावर खिडकी उघडली. उद्या सकाळपर्यंत अण्णा मिठबावकरांविषयी काय काय बोललं जाणार, हे अण्णांना साधारण दिसत होतं. त्यांनी आवाजाची कळ आणखी थोडी वर नेली.

झोपाळा सुरू झाला. शब्द सवंगच होते. मग शब्द थांबले आणि फ्रेडीचा तुकडा आला, कुईं करत वर चढला.

भांड्यांचा आवाज केव्हाच बंद पडला होता. अण्णांनी मान वळवली नाही. मान वाकडी न करता ते तसेच, ताठ, रेडिओकडे बघत बसून राहिले. मागे स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं. चौकटीला हात टेकला असावा, कारण बांगड्या वाजल्या.

रहाट खाली उतरत गेला. पाणी चाललं होतं.

आणि बावीस वर्षांनी हाक ऐकू आल्यावर विहिरीवरची मुलगी देईल तशी, हळूच, दारातून ‘ओ’ आली.