दुर्गाताई माझ्यात बसल्या तो दिवस

मित्रांनो, मी चाकांची खुर्ची. सगळे मला व्हीलचेअर म्हणतात. आता मी जुनी झाले आहे. माझं रेक्झिन दोनदा बदललं आहे आणि एका चाकाचा आवाज काही केल्या जात नाही.

मीरा रोडजवळच्या हाटकेश भागातल्या एका गाळ्यात नळ्या वाकवून माझा सांगाडा जोडला. पहिली काही वर्षं मी एका दवाखान्यात होते. तिथे माणसं दाराशी बसायची आणि आत पोचली की उतरायची. कुणाचं नावसुद्धा मला कळायचं नाही. पुढे मला एका मंडळाने घेतलं. ज्याला गरज असेल त्याने मला न्यावं आणि काम झालं की परत आणून द्यावं, असा तिथला रिवाज होता. अशीच चार वर्षांपूर्वी मी भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमधल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आले. अजून तिथेच आहे.

हे घर नाथा भोईर यांचं. मी त्यांना आजोबा म्हणते. तरुणपणी ते मिठागरात राबले. ऐंशीच्या घरात आल्यावर त्यांना पक्षाघात झाला आणि डावी बाजू लुळी पडली. त्यांना सांभाळायला त्यांची मुलगी होती, दुर्गाताई. वय एक्कावन्न, लग्न केलेलं नाही, घरीच ब्लाउज शिवायच्या. भाऊ गुणवंत मीरा रोडला राहायचा. महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचा, अर्धा तास बसायचा आणि जाताना म्हणायचा, "दुर्गी आहे म्हणून मी निवांत आहे."

शेजारीपाजारीही म्हणायचे, मुलगी असावी तर अशी. दुर्गाताई नुसत्या हसायच्या. पण मी पाहत होते. प्रत्येक कौतुकानंतर कुणाला "जरा येशील का?" म्हणणं त्यांना आणखी अवघड व्हायचं.

हळूहळू त्यांचं शिवणयंत्र चादरीखाली गेलं. मैत्रिणींबरोबरचा संध्याकाळचा फेरफटका बंद झाला. आजोबांना त्या मऊ वरणभात भरवायच्या आणि स्वतः ओट्याशी उभ्यानेच दोन घास खायच्या. आजोबांना तपासायला आलेल्या डॉक्टरांना एकदा दुर्गाताईंचा पांढराफटक चेहरा दिसला. त्यांनी रक्ततपासणीची चिठ्ठी लिहून दिली. दुर्गाताई म्हणाल्या, "सोमवारी जाते." माझ्या पाठीला एक पिशवी आहे, तिच्यात आजोबांची फाईल असते. त्यांनी ती चिठ्ठी घडी घालून तिथेच ठेवली. आठ महिने ती तिथेच राहिली. माझ्या पाठीवर तिचं वजन ते किती असणार? पण मला ती जाणवायची.

मग ती संध्याकाळ आली. आजोबांना खाली मोकळ्या हवेत न्यायचं होतं. लिफ्टमधून बाहेर पडलो की पुढे उतार लागतो. उताराच्या मधोमध दुर्गाताईंचे हात सैल पडले. त्यांना घेरी आली आणि त्या मागच्या मागे खाली बसल्या. मी सुटले. तेव्हा माझा उजवा ब्रेक बिघडलेला होता. समोर फाटक होतं आणि फाटकाबाहेर गाड्या धावत होत्या. मी लोखंडाची, मला थांबता येत नाही, कुणीतरी थांबवावं लागतं.

आजोबांनी आपला धड हात सरळ चाकावर दाबला. तळव्याचं सालटं निघालं, पण हात सोडला नाही. मी वाकडी फिरले आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

समोरच्या फ्लॅटमधल्या हेमालीबेन धावत आल्या. वॉचमन ईश्वर आला. दुर्गाताई म्हणत होत्या, "मला काही नाही झालं. बाबांना वर न्या, सातची गोळी आहे त्यांची."

आजोबा ईश्वरला म्हणाले, "मना बाकावर ठेव. पोरीला खुर्चीत बसव."

"बाबा, अहो..."

"बस म्हनतो ना."

ईश्वरने आजोबांना उचलून बाकावर ठेवलं आणि तो त्यांच्यापाशी थांबला. दुर्गाताई माझ्यात बसल्या. मित्रांनो, किती हलक्या होत्या त्या. चार वर्षं जे हात मागून मला ढकलत होते, ते आता माझ्या दांड्यांवर टेकले होते. हेमालीबेननी मला फाटकाबाहेरच्या दवाखान्यात नेलं. तिथे दुर्गाताईंचे काही कागद आहेत का बघताना पिशवीतली चिठ्ठी हेमालीबेनच्या हाती आली. तारीख वाचून त्या म्हणाल्या, "आठ महिना? दुर्गाबेन, तुमी काय करते हे?"

डॉक्टरांनी सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी तपासण्या झाल्या. रक्त फार कमी झालं होतं, साखर वाढली होती. पण डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, औषधं आणि विश्रांती घेतली तर सगळं आटोक्यात येईल.

गुणवंत आला तेव्हा आजोबांच्या तळव्याला पट्टी होती.

"दुर्गे, सांगायचंस ना मला," तो म्हणाला.

"तुला दिसत नव्हतं?" दुर्गाताई म्हणाल्या. मग स्वतःच पुढे म्हणाल्या, "मीही कधी बोलावलं नाही. ते माझं चुकलं."

"दोघांनी ऐका," आजोबा म्हणाले. "ही पडली तं मी बी पडलो. गुणा, रविवार तुझा. आन् आंघोलीला मानूस बघा."

"बाबा, तुम्हाला परक्याचा हात आवडत नाही."

"न्हाय आवडत. सवय करीन."

पहिल्या रविवारी दुर्गाताई कुठेही गेल्या नाहीत. समोर हेमालीबेनच्या घरी जाऊन दोन वाजता आडव्या झाल्या. तासाभरात गुणवंतने फोन केला, डायपर कुठे ठेवलेत म्हणून. इकडे मला हेमालीबेनचा आवाज फोनमधून स्पष्ट ऐकू आला, "वो सो रही है. कपाट में देखो."

दुर्गाताई पाच वाजता घाबऱ्याघुबऱ्या परत आल्या. आजोबांच्या बनियनवर वरण सांडलं होतं, भांग उलट्या बाजूला पाडला होता आणि बापलेक दोघं टीव्हीवर कबड्डी बघत होते.

"बाबा, त्रास झाला का?"

"झाला जरा. पन मेलो न्हाय."

त्या हसल्या आणि मग डोळे पुसत राहिल्या. आपल्यावाचून घर तीन तास चाललं, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं.

आता रोज सकाळी विठू नावाचा मदतनीस आंघोळ घालायला येतो. आजोबा त्याच्यावर कुरकुरतात, पण त्याला यायला उशीर झाला की दाराकडे बघतात. आंघोळीच्या तेवढ्या वेळात दुर्गाताई बाहेर चालून येतात. गुणवंतने माझा ब्रेक दुरुस्त करून आणला. शिवणयंत्रावरची चादरही निघाली.

मित्रांनो, तुमच्या घरी आजीआजोबा आजारी असतील तर त्यांची विचारपूस तुम्ही करतच असाल. पण त्यांचं करणाऱ्या आईला, आत्याला, बाबांनाही विचारा, बसून जेवलात का म्हणून. आणि नुसतं विचारून थांबू नका, थोडा वेळ त्यांच्या जागी बसा. जी माणसं सगळ्यांना धरून ठेवतात, त्यांना आपण पडतोय हे सांगता येत नाही.

रोज सकाळी नाश्ता झाला की दुर्गाताई मला पलंगाशी आणून उभी करतात. आजोबा लगेच बसत नाहीत.

"तुझी गोली घेतलीस?" ते विचारतात.

"घेते नंतर."

"मग मी बी नंतर बसतो."

दुर्गाताई पाण्याचा पेला आणायला जातात. तेवढा वेळ मी रिकामी उभी असते. मला घाई नसते.