पाय चालून राहिले

कवडू ठवकर यांनी सगळी नोकरी कुहीच्या शाळेत खो-खो शिकवण्यात काढली. ते पी.टी.चे सर. धानाच्या बांध्यांमधून शाळेत येणारी पोरं त्यांनी मैदानावर पळवली, पाडली, उठवली. काही राज्यापर्यंत खेळली. अंकुश नावाचा एक पोरगा तर खेळाच्या कोट्यातून रेल्वेत लागला. सरांचं पोरांना एकच सांगणं असायचं, "शरीर खोटं बोलत नाही बे. जेवढा घाम गाळसान, तेवढं भेटन."

निवृत्तीनंतर सर आणि त्यांची बायको प्रेमलता शहराच्या कडेला, हुडकेश्वरला राहायला आले. एकुलती एक मुलगी सोनिका पुण्यात नोकरीला होती. सर रोज सकाळी फाट्यापर्यंत चालून यायचे. एक दिवस उजव्या पायातली चप्पल रस्त्यातच मागे राहिली आणि त्यांना चार पावलं पुढे गेल्यावर कळलं. ते स्वतःशीच हसले. मग ती रोजच निसटू लागली. मग घराच्या उंबऱ्याला पाय अडला आणि ते पडले. आधी पाठीचे डॉक्टर झाले, मग साखर तपासून झाली, आणि शेवटी शहरात धंतोलीला नसांच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली. तिथे पायात सुया टोचून तपासणी झाली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी घाई न करता सांगितलं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. निरोप पोचत नाही म्हणून स्नायू वाळतात. आधी पाय, मग हात, मग बोलणं आणि गिळणं, आणि शेवटी श्वास. गोळ्यांनी थोडा वेळ मिळेल, आजार बरा होणार नाही.

"व्यायाम?" सरांनी विचारलं.

"हलका करा. सांधे आखडू नयेत एवढाच. दमेपर्यंत अजिबात नको. यात गेलेली ताकद व्यायामानं परत येत नाही, सर."

असं वाक्य सरांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. ते डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. प्रेमलता मात्र बाहेर आल्या आल्या म्हणाली, "पाहा, डॉक्टरनं व्यायामच सांगितला. तुमाले काय नवा आहे का व्यायाम?"

सोनिकानं मशीन पाठवलं ते दिवाळीच्या आधी. खोक्यावर 'कॉम्पॅक्ट एलिप्टिकल' असं काहीतरी लिहिलेलं होतं. प्रेमलतेनं त्याला पहिल्या दिवसापासून पायाचं मशीन म्हटलं. काळं, बसकं, खुर्चीपुढे जमिनीवर मावणारं. खुर्चीत बसायचं, दोन्ही पाय पेडलवर ठेवायचे आणि चालवायचं. पेडल सायकलसारखे गोल फिरत नव्हते, लांबट वळण घेत पुढे-मागे जात होते, माणूस जागच्या जागी चालल्यासारखे. पुढे एक छोटा पडदा होता, त्यावर आकडे वाढत जायचे. सोबत रिमोट होता.

"बाबा, थकलात तर ऑटोचं बटण आहे," सोनिकानं फोनवर सांगितलं. "मग मोटर पाय फिरवते. तुम्ही नुसतं बसायचं."

"ते म्हाताऱ्या लोकांसाठी," सर म्हणाले. प्रेमलता तेव्हा दारात दूधवाल्याशी बोलत होती. रिमोटकडे तिनं कधी लक्षही दिलं नाही. "ते बटनं तुमचं तुम्ही पाहा," एवढंच म्हणाली.

हिवाळा बरा गेला. सकाळचं ऊन हॉलमध्ये यायचं, तिथे खुर्ची मांडायची. प्रेमलता सरांचे पाय उचलून पेडलवर ठेवायची, पट्ट्या आवळायची. सर तोंडात शिट्टी असल्यासारखे ओठ आवळून सुरू करायचे. पेडल जड करायची एक चकती मशीनवर होती. पहिल्या दिवशी त्यांनी ती मधोमध ठेवली होती. थंडी संपेपर्यंत ती हळूहळू सगळ्यात हलक्या खुणेवर आली. प्रत्येक वेळी चकती फिरवताना ते प्रेमलता आत आहे ना, हे बघून घ्यायचे. डॉक्टरांनी दमू नका म्हटलं होतं, पण ते दमायचे. दमणं हीच त्यांना ओळखीची वाट होती. दमून ताकद येते हे त्यांनी हजार पोरांच्या अंगावर पाहिलं होतं. त्यांच्या मांड्या मात्र दर महिन्याला पायजम्यात अधिक सैल होत गेल्या, आणि घरात फिरायला वॉकर आला.

होळी झाली आणि एका सकाळी पेडल हललाच नाही. उजव्या पायात तर जोर नव्हताच, आता डाव्यालाही ढकलता येईना. सरांनी खुर्चीचे हात धरले, कंबर पुढे ढकलली, दात आवळले. पाय पट्ट्यांमध्ये तसेच. कोणीतरी दुसऱ्याचे पाय आणून ठेवावेत तसे.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्रेमलतेची चाहूल लागली. सरांना इतकी लाज वाटली की त्यांनी मांडीवरच्या रिमोटचं बटण दाबलं. मोटर घरघरली आणि पाय चालू लागले. सुरेख चालू लागले. एका लयीत, न थांबता, कुहीच्या मैदानावर चालायचे तसे.

प्रेमलता पोळपाट हातात घेऊन दारातच थांबली.

"अजी!" ती म्हणाली. "किती जोरात चालवून राहिले तुम्ही! काल तर अडकत होते."

सरांनी तोंड उघडलं होतं. पण तिचा चेहरा त्यांनी पाहिला. धंतोलीच्या त्या दिवसापासून तो असा मोकळा झालाच नव्हता.

"आज जमून राहिलं," ते म्हणाले.

तिथून ते सुरू झालं. काही दिवसांनी कूलर लावला आणि त्याच्या आवाजात मोटरची घरघर बुडून गेली. प्लग आधीपासूनच लागत होता, पडद्यावर आकडे दिसण्यासाठी. तो प्रेमलताच लावायची. ती पट्ट्या आवळून आत गेली की सर बटण दाबायचे. ती आकडा बघायला यायची आणि तो सोनिकाला सांगायची. शेजारच्या इंदुताईंना सांगायची, "आमच्या ह्यांच्या पायात जान येऊन राहिली." सर चालताना वॉकरवर जास्त वाकत होते, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. "उन्हाळ्यानं थकवा येते," असं ती म्हणायची. "मशीनवर तं पाहा ना कसे चालवता!"

आणि एक गोष्ट सरांनाही कळली नाही, कधी झाली ते. रोज समोर आपले पाय चालताना बघून त्यांनाही वाटायला लागलं. बटण आपणच दाबलंय हे माहीत असूनही, एखाद्या क्षणी वाटायचं की डावा पाय मोटरच्या थोडा पुढे जातोय. आपणच ढकलतोय. ते बटण बंद करून बघायचे नाहीत.

मे महिन्यात अंकुश आला. कुहीच्या शाळेत तो दर उन्हाळ्यात सुट्टी काढून खो-खोचं शिबिर घ्यायचा.

"सर, उद्घाटन तुमच्याच हातानं," तो म्हणाला. "सकाळीच ठेवलं आहे, ऊन तापायच्या आत. गाडी घेऊन येतो मी."

"काहून गा मले? कोणी पुढारी पाहा."

"पुढारी काय खो देईन, सर?"

प्रेमलता चहा घेऊन आली. "येतीन ना! काहून नाही येनार? मशीनवर रोज किती चालवते, इचार त्याइले. आता मैदानावर चार पावलं नाही चालनार काय?"

अंकुशनं सरांकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. "खरं का, सर? मंग तं खांबापर्यंत चालतच या. पोरांनी पाहिलं पाहिजे. मी आहो बाजूले."

सरांनी नाही म्हणायला हवं होतं. ते म्हणणारही होते. पण दोघंही त्यांच्याकडे बघत होते, आणि डावा पाय, तो मोटरच्या पुढे जाणारा, त्यांच्या मनात होता. ते म्हणाले, "पाहू."

उद्घाटनाच्या दिवशी प्रेमलतेनं त्यांना पांढरा शर्ट घातला. बटणं तिनंच लावली. अलीकडे सरांच्या बोटांना ती लावायला वेळ लागत होता आणि सरांनी त्याविषयी कोणाला काही सांगितलं नव्हतं. गाडी कुहीला पोचली तेव्हा मैदानावर पाणी मारून झालं होतं. चुन्याच्या रेषा ताज्या होत्या. पोरं पाट्यांवर ओळीनं बसली होती. जुने खेळाडूही आले होते, पोट सुटलेले, आपापली लेकरं घेऊन. अंकुशनं माईकवर सांगितलं, की सरांना डॉक्टरांनी सांगितलं होतं चालणं गेलं म्हणून, आणि सर आज चालून दाखवणार आहेत. टाळ्या वाजल्या.

वॉकर घेऊन सर रेषेच्या आत आले. अंकुश एका बाजूला होता. खांब जवळच होता. टाळ्या थांबेनात. आणि सरांनी मान हलवून अंकुशला बाजूला व्हायला सांगितलं. मग वॉकरही सोडला.

एक पाऊल पडलं. निदान लोकांना तसं वाटलं. प्रत्यक्षात उजवा पाय नुसता घसटत पुढे आला होता. दुसरं पाऊल डाव्याचं. सरांनी निरोप पाठवला. तो पोचला नाही.

सूर मारून कसं पडायचं हे त्यांनी याच मैदानावर पोरांना शिकवलं होतं. आधी हात, मग छाती, हनुवटी वर. पडताना ते सगळं त्यांना आठवलं. हात पुढे आलेच नाहीत. ते उभेच्या उभे तोंडावर आदळले.

टाळ्या मध्येच तुटल्या. चुन्यात रक्त मिसळलं. अंकुशनं त्यांना उलटं केलं, आणि तो लहान मुलासारखा "सर, सर" करत राहिला. प्रेमलता मंडपातून धावत आली, तिची चप्पल वाटेतच राहिली.

हनुवटीला टाके पडले. धंतोलीच्या डॉक्टरांनी सरांना मूठ आवळायला सांगितली, बोटं पसरायला सांगितली, जीभ बाहेर काढायला सांगितली. मग कागदावर काही लिहीत म्हणाले, "हातात आलंय. आता चालायचा प्रयत्न नको. व्हीलचेअर घ्या." श्वासाच्या मशीनविषयी पुढच्या वेळी बोलू, असंही म्हणाले.

टाके काढल्यानंतरच्या सकाळी प्रेमलतेनं पायाचं मशीन पुन्हा खुर्चीपुढे ओढलं. "सुटी पडली म्हणून तसं झालं," ती म्हणाली. कधी सुटी पडली होती, ते तिलाच ठाऊक. "आजपासून परत सुरू करू. डाव्या पायाचा व्यायाम थोडा जास्त करा."

"प्रेमा," सर म्हणाले, "खाली बस."

ती बसली नाही. पट्टी हातात धरून उभी राहिली.

"हे मी नाही चालवत."

"मंग कोन चालवते?"

"मोटर. बटन दाबलं का आपोआप फिरते. होळीपासून तेच आहे."

तिला समजायला वेळ लागला. ती मशीनकडे बघत राहिली, मग प्लगकडे, मग सरांच्या पायांकडे.

"एक डाव तरी तुम्ही..."

"नाही."

"काहून सांगितलं नाही मले?"

"तू खुश होऊन राहिली होती."

"मी खुश होतो!" तिचा आवाज चिरकला. "मी खुश होतो म्हनून तुम्ही चार लोकाइत तोंडावर पडले? मी इंदुताईले सांगत फिरलो. अंकुशले सांगितलं. माह्याच बोलन्यानं उभं केलं त्यानं तुमाले. मरून गेले असते म्हंजे?"

"मले बी वाटलं होतं," सर म्हणाले. "जरा वाटलं होतं."

ती आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, घासलेलीच भांडी पुन्हा घासल्यासारखा. सर मशीनसमोर तसेच बसून होते. खुर्ची त्यांना स्वतःला सरकवता येत नव्हती. दुपारी तिनं वरण-भात कालवून आणला आणि न बोलता एकेक घास भरवला. तोंड पुसताना तिचा हात टाक्यांच्या जागेवर थांबला, तेव्हा ती रडली. फार नाही. ताट खरकटं राहिलं होतं, ते उचलून ती गेली.

पुढे मशीन काही दिवस पलंगाखाली होतं. मग सरांचे घोटे आखडू लागले, रात्री पाय दुखू लागले. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, की मोटरवर फिरवलेत तरी चालेल, सांधे मोकळे राहतील. प्रेमलता ते बाहेर घेऊन आली. सरांची बोटं आता रिमोटवर जोर देऊ शकत नव्हती. बटण तीच दाबू लागली. सरांचे पाय चालत असायचे आणि ती शेजारी बसून भाजी निवडायची. ते पायांकडे बघत नसत. बाहेर आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं.

अशाच एका सकाळी सोनिकाचा फोन आला. प्रेमलतेनं स्पीकर लावला नाही. भाजी तशीच सोडून ती खिडकीशी गेली.

"हो... जेवते ना चांगले," ती सांगत होती. "पडल्याचं काही नाही आता, भरलं ते... तू काहून रडून राहिली वं? उगाच सुटी काढू नको... मशीन? चालवते ना रोज. आता बी चालवूनच राहिले... हो, पायात फरक आहे. मी समोर पाहून राहिलो ना."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना काही म्हणायचं होतं, पण शब्द हल्ली जिभेवर जड यायचे, आणि फोन बंद होईपर्यंत ते जुळले नाहीत. प्रेमलता परत येऊन बसली. खाली बघत एकेक पान खुडू लागली.