कडेचा प्लॉट

आमच्या गावात घरं माणसांना भाड्यानं देत नाहीत, खाटांना देतात. कॉलेज मोठं, पोरं बाहेरून येणारी, एका खोलीत चार कोंबली की मालकाचं भागतं. त्यामुळे नऊ वर्षांत आम्ही पाच घरं बदलली. पाचव्या घराचा मालक एका सकाळी टेप घेऊनच आला. मी आणि नवरा चहा पीत होतो. त्यानं ना नमस्कार केला ना विचारलं. सरळ आमच्या झोपायच्या खोलीत शिरला, भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप धरली आणि स्वतःशीच म्हणाला, "चार आरामात बसतील."

नवरा म्हणाला, "दोन महिने तरी द्या." माझ्या हातात कप होता, तो फेकून मारू नये एवढंच मी बघत होते.

मी कॉलेजच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे. शेतकरी पिशवीत माती आणतात, आम्ही ती वाळवतो, चाळतो आणि तिच्यात काय आहे, काय नाही ते लिहून देतो. नवरा कॉलेजची बस चालवतो. तो शिकला असता. पण वडील लवकर गेले आणि धाकट्या भावाला शिकवायचं म्हणून यानं स्टिअरिंग धरलं. तो धाकटा भाऊ, म्हणजे आमचे भाऊजी, आता जमिनीचे व्यवहार करतात. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे, काचेचं टेबल आणि भिंतीवर नकाशे.

घर सोडायचं कळल्यावर भाऊजीच धावून आले. "वहिनी, किती दिवस लोकांच्या भिंतींना खिळे मारणार? कॉलेजच्या मागे, सहा किलोमीटरवर नवीन प्लॉट पाडलेत. दादाला मी पहिला देतो."

नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मला पुढे काही विचारवेना. आम्ही इसार दिला. तो इतका हरखला की बसच्या फेऱ्यांत भेटेल त्याला सांगत सुटला. दोन ड्रायव्हरांनी प्लॉट घेतले. कॉलेजच्या फाटकावर बसणारे पहारेकरी काका वर्षभरात निवृत्त होणार होते, त्यांनीही घेतला. त्यांनी तर खरेदीखतही करून टाकलं.

मी प्लॉट पाहायला गेले ती इसार दिल्यानंतर. चूक माझीच. आजूबाजूची शेतं काळ्या मातीची, आणि मधोमध हा लाल मुरमाचा सपाट तुकडा, ताटासारखा. एका बाजूला जुनी झाडं होती. ती बांधावर असतात तशी सरळ रेषेत नव्हती, कमानीसारखी वळत गेली होती. झाडं अशी वळून कशाच्या कडेनं उभी राहतात हे मातीचं काम करणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. पाण्याच्या.

रविवारी प्रयोगशाळेतल्या बाईंना विचारून मी मातीचा गिरमिट घेतला. लोखंडी दांडी, खाली पातं, वर आडवी मूठ. फिरवत गेलं की माती वर येते. आमच्या प्लॉटवर वीतभर मुरूम लागला. मग पातं विटेवर अडलं. जरा बाजूला सरकले, पुन्हा अडलं. तिसऱ्या वेळी कमरेइतकं खाली गेलं. वर आला विटांचा चुरा, प्लास्टिक, निळ्या टाइलचा तुकडा, आणि शेवटी काळा, बुळबुळीत गाळ.

ती निळी टाइल मी ओळखली. मुलींच्या जुन्या हॉस्टेलच्या न्हाणीघरातली. शिकत असताना दोन वर्षं मी तिथे रोज रांगेत बादली लावली होती. तीन वर्षांपूर्वी ते हॉस्टेल पाडलं. ते कुठे नेऊन टाकलं, त्याचं उत्तर आता माझ्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भाऊजींच्या ऑफिसात गेलो. मी तुकडा काचेवर ठेवला.

"तळं बुजवलंय तुम्ही."

ते हसले. "मी नाही हो बुजवलं. बुजवलेलं घेतलं. भराव आहे, पण दाबून घेतलाय."

"कमरेखाली गाळ आहे. त्याच्यावर घर उभं राहील?"

"तुमचं राहील ना!" भाऊजी वैतागले. "वहिनी, मी मुद्दाम तुम्हाला कडेचा प्लॉट दिलाय. तिथे भराव सगळ्यात कमी. पाया थोडा खोल घ्या, काही होत नाही. सख्ख्या भावाला मी खड्ड्यात घालीन का?"

मला वाटलं कानाखाली वाजवावी.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आणि मधले?"

"मधले लोक आपले नाहीत."

"काका आपले नाहीत? ते तुमच्या दादांच्या शब्दावर आले!"

"आले तर आले. मी बोलवायला गेलो नव्हतो. उलट दादानंच आणले सगळे." आणि भावाकडे वळून म्हणाले, "तुझ्यामुळेच तर एवढे प्लॉट गेले, दादा."

नवरा खाली बघत होता. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर तो हळूच म्हणाला, "आपला तर कडेचा आहे."

मी जागच्या जागी थांबले. मालकावर चिडले होते, भाऊजींवर चिडले होते, पण या एका वाक्यानं जो संताप आला तो वेगळाच. "पुन्हा बोला," मी म्हटलं. "मोठ्यानं बोला. उद्या फाटकातून बस काढताना काकांना सांगा, की आमचा कडेचा आहे."

घरी येऊन तो जेवला नाही.

पुढच्या रविवारी भाऊजी नवीन गिऱ्हाइकं घेऊन प्लॉटवर येणार होते. मी काकांना आणि दोन्ही ड्रायव्हरांना बोलावलं, आणि काकांच्या प्लॉटच्या मधोमध गिरमिट लावला. भाऊजी गाडीतून उतरले ते पळतच.

"वहिनी, तमाशा करू नका! लोक आलेत!"

"लोकांसाठीच चाललंय."

त्यांनी मूठ धरली. मी सोडली नाही. ओढाताण झाली, पातं विटेत रुतलं आणि फिरेना. गिऱ्हाइकांतलं कुणीतरी हसलं. मी घामाघूम, केस तोंडावर, आणि गिरमिट जागचा हलत नाही. तेव्हा नवरा पुढे आला. त्यानं भावाचा हात मुठीवरून काढला. मारलं नाही, ढकललं नाही, नुसता काढला. मग बसचं चाक बदलताना लावतो तसा जोर लावून फिरवू लागला.

एक दांडी गेली, दुसरी जोडली, तिसरी जोडली. आमच्याकडे होत्या तेवढ्या दांड्या संपल्या तरी खालून राडारोडाच येत होता. चिंध्या, काचा, आणि असा घाण वास की गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून गाडीकडे वळली.

मला वाटलं होतं, आता काका भाऊजींचा गळा धरतील. त्यांनी गळपट्टी धरली ती माझ्या नवऱ्याची.

"तू घेतोयस म्हणून मी घेतला! तुझं तोंड बघून घेतला!"

नवऱ्यानं हात खालीच ठेवले. "खरं आहे, काका," तो म्हणाला. "मीच आणलं तुम्हाला."

भाऊजी तोवर गाडीत बसून निघून गेले होते.

आम्ही तहसील कचेरीत लेखी तक्रार दिली, सोबत मातीचा अहवाल जोडला. ज्यांचा नुसता इसार होता त्यांना तो कटकटी करत का होईना परत मिळाला. काकांचं खरेदीखत झालेलं, त्यांचं प्रकरण कोर्टात अडकलंय. घरमालकाच्या खाटा ठरल्या दिवशी आल्या. आमचं सामान अजून दारात होतं. आता आम्ही त्या प्लॉटांच्या बाजूच्याच एका खेड्यात दोन खोल्या घेऊन राहतो. पावसाळ्यात वाटेवर चिखल असतो, पण खोल्यांखाली जमीन आहे.

सासूबाई भाऊजींकडे असतात. त्यांचा फोन आला होता.

"सख्ख्या भावाला चारचौघांत उघडं पाडलंत. घर मोडलंस गं तू माझं."

"आई, घर बांधायलाच निघालो होतो," मी म्हटलं. "कशावर बांधायचं ते तुमच्या धाकट्याला विचारा."

त्यांनी फोन ठेवला. मीही पुन्हा केला नाही.

काकांची तारीख असते त्या दिवशी नवरा रजा टाकतो आणि त्यांना कोर्टात घेऊन जातो. दोघं एकाच बाकावर पुकारा होईपर्यंत बसून असतात. काका अजून त्याच्याशी बोलत नाहीत.