न्हाणीघराच्या दारावरचा ‘बाड’

मी एक शब्द बोलतोय, ‘बाड’. जीव एवढासा, पण घरोघरी माझा अर्थ निराळा. जर्मन, डच, स्वीडिश माणसांकडे मी म्हणजे अंघोळ. ‘ऊब देणे’ अशा अर्थाच्या कुठल्याशा जुन्या क्रियापदातून मी जन्मलो म्हणतात. इंग्रजीत माझ्या तोंडवळ्याचा एक आहे, ‘बॅड’, त्याचा अर्थ वाईट. तो माझा सख्खा नव्हे. एखाद्या जुन्या शिवीतून निघाला असावा, नक्की कुणालाच ठाऊक नाही. हिब्रूतला तर नात्यातलाही नाही, नुसता योगायोग. तिथे तो म्हणजे कापड, आणि वेगळं पडलेलं, एकटंही.

मला पितळी अक्षरांत जर्मन मुलखातल्या एका वृद्धाश्रमाच्या न्हाणीघरावर ठोकलं. वाटलं, आता वाफ, साबण, ओले केस! कसलं काय. तिथल्या मोठ्या बाईंनी कुलूप घातलं नि किल्ली कमरेला लावली. पाहुणे आले की दार उघडायचं, “बघा, किती स्वच्छ!” म्हणायचं, पुन्हा कुलूप. म्हाताऱ्यांना मात्र एकच ओलं फडकं, या अंगावरून त्या अंगावर. त्याची घाण दारापर्यंत यायची. शिसारी! कापडानंच भागवायचं होतं तर हिब्रूतल्याला टांगायचं. नाहीतर इंग्रजीतल्याला. तो शोभलाच असता.

समोरच्या खोलीतल्या आजी रोज विचारायच्या, “आज घालाल का हो डोक्यावरून पाणी?”

मोठ्या बाई म्हणायच्या, “सकाळी अंग पुसलंय ना? फरशी दिवसभर वाळत नाही. तुम्हाला कुठं मिरवायला जायचंय?”

आजींच्या पाठीवर पुळ्या आल्या. खाजवून खाजवून रक्त निघायचं.

एकदा त्यांची लांब राहणारी लेक आली. मोठ्या बाईंनी तिलाही न्हाणीघर दाखवलं. लेकीनं टबात हात फिरवला, बोटांना धूळ लागली. साबणाचं वेष्टनसुद्धा फोडलेलं नव्हतं. ती तडक आईकडे गेली, तिच्या केसांशी वाकली, आणि लालबुंद होऊन परतली.

“हे न्हाणीघर कुणासाठी आहे?”

“अहो, सगळ्यांसाठी.”

“मग माझी आई सगळ्यांत नाही?”

“आमचा नियम आहे...”

“चुलीत गेला नियम! सडतेय माझी आई. सरका!”

नळातून आधी गंज आला, मग पाणी, मग कढत पाणी. लेकीनं आईला टबात बसवलं. पाणी काळं झालं. ते सोडून तिनं पुन्हा टब भरला. आजी डोळे मिटून म्हणाल्या, “अजून थोडं घाल गं बाळा, घाई करू नकोस.” मोठ्या बाई तोंड वाकडं करून ओली फरशीच बघत होत्या!

त्याच दिवशी लेक आईला घेऊन गेली. कुलूप परत लागलं.

मी मात्र झळाळतोय. मला रोज पॉलिश लावून घासतात. मला, पितळेला! थू.

शेजारच्या खोलीतले आजोबा आत्ताही हाक मारताहेत, “कुणी अंघोळीला पाणी देता का?” तुम्ही कधी आलात तर माझ्याकडे बघत उभे राहू नका. आधी त्यांच्याकडे जा.