परत येणारा कण

ताईनं हट्टच धरला होता. "तुझ्या त्या लाखो कणांतला एक तरी दाखव की मला. उद्यापासून अंगात सोडायचे, आणि साधी तोंडओळखसुद्धा नाही?"

म्हणून धाकटीनं सकाळी कामाला बसल्याबसल्या एका कणाला लाल रंग दिला. बाकीचे राखाडी. संगणकाच्या पडद्यावर रक्तवाहिनीचा इवलासा तुकडा, काचेच्या पेटीत ठेवावा तसा. त्यातून रक्त डावीकडून उजवीकडे वाहतंय, आणि औषध पोटाशी धरून कण निघालेत. कर्करोगाच्या गाठीजवळ वाहिनीची भिंत विरलेली. तिथल्या भोकांतून आत शिरायचं, गाठीत औषध सोडायचं, एवढंच त्यांचं काम. किती जणांना ते जमेल हे आधी गणितानं सांगायचं, हे तिचं.

लाल कण डुलत डुलत आला, भोकापाशी घुटमळला, आणि हुकला. उजव्या कडेनं पेटीबाहेर पडला.

आणि डावीकडून परत आत आला.

धाकटी पडद्याजवळ सरकली. पुन्हा हुकला, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. निरोप दिलेला पाहुणा मागच्या दारानं यावा तसा. कितव्या तरी फेरीत तो गाठीत शिरला आणि पोचलेल्यांत मोजला गेला.

हा नियम तिनंच घातला होता. अख्खं शरीर संगणकात मावत नाही, म्हणून एका कडेनं गेलेलं दुसऱ्या कडेनं आत घ्यायचं. रक्ताच्या वाहण्यापुरतं ते ठीक. पण खऱ्या अंगात हुकलेला कण पुढे जातो, यकृताच्या तावडीत सापडतो, संपतो. त्याला माघारी कोण आणणार?

दुपारी चाचणी घेणाऱ्या डॉक्टरीणबाई यायच्या होत्या. याच आकड्यांवर चाचणीची मात्रा ठरायची होती, आणि उद्या ताईची जुनी गोळी बंद होऊन नवं औषध सुरू व्हायचं होतं.

तिनं परतीचं दार बंद केलं आणि हिशेब नव्यानं चालवला. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. फोन थरथरला, ताईचा निरोप: "झाला का माझा सिनेमा?" तिनं फोन पालथा घातला. देवा, आकडा थोडाच उतरू दे. थोडाच.

आकडा कोसळला. आधी पोचलेले मूठभर तर आता चिमूटभर.

तिनं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "अगं, ही पद्धत सगळेच वापरतात."

"रक्त नाही वापरत, सर."

"बहीण चाचणीच्या यादीत आहे म्हणून हातपाय गाळतेस तू."

"ती यादीत आहे म्हणूनच आधीचा आकडा खरा निघावा असं वाटत होतं मला. पण नाहीये तो खरा."

सर तो हिशेब स्वतः वरून खाली तपासत गेले. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले, आणि डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा बोलायला तिलाच पुढे केलं. बाईंनी ऐकून चष्मा काढला, डोळे चोळले. "उद्याचं थांबवते. जुनी गोळी सोडायची नाही, हे तुझ्या बहिणीला मी सांगू की तू?"

"मी."

जिन्यात उभी राहून तिनं फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुझी पोरं रस्ताच चुकली म्हण की," ताई म्हणाली.

"चूक माझी गं. त्यांची नाही."

"आणि तू आज बघितलंच नसतंस तर?"

"उद्या तुला ते दिलं असतं. आणि गाठ वाढत राहिली असती."

"मला बरं वाटलं असतं."

"थोडे दिवस."

"तेच म्हणतेय मी. थोडे दिवस. त्या गोळीनं आतडी तोंडाशी येतात गं. आज शेवटची म्हणून हसत घेतली होती मी."

जिन्यावरून कुणी खाली गेलं, धाकटीनं भिंतीकडे तोंड केलं. "नवं होईल ना तुझं ते?" ताईनं विचारलं.

"प्रयत्न करतोय."

"कधी?"

"माहीत नाही, ताई."

"बरं," ताई म्हणाली. "उद्या सकाळी लवकर ये. गोळी घेतली की पाठ चोळायला कुणीतरी हवं."